पन्नासचा काटा आणि आत्याची शिट्टी

मी एका बोटावर अख्खं गाव चालवतो!

बढाई वाटली ना? बायकोलाही वाटते. ती म्हणते, "अहो, आधी घरातला पंखा एका बोटावर चालवा. रेग्युलेटर कधीचा बिघडलाय." पण मी खरंच सांगतो. आमचं गाव चारही बाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं. बाहेरून विजेची तार येत नाही, त्यामुळे आमची वीज आम्हीच बनवतो. कड्यावर पवनचक्क्या, उतारावर सौर पॅनेलं, पायथ्याला बॅटऱ्यांचे मोठाले डबे आणि या सगळ्यांचे लगाम ज्या खोलीत आहेत तिथल्या खुर्चीवर मी!

खोलीच्या भिंतीवर विजेची फ्रिक्वेन्सी दाखवणारा एक काटा आहे. तो पन्नासवर उभा राहिला पाहिजे, एवढीच माझी नोकरी. गाव जेवढी वीज ओढतं तेवढीच त्याच क्षणी आम्ही पुरवली, की काटा पन्नासवर. गावाने जास्त ओढली तर काटा खाली. गावाने हात आखडता घेतला तर काटा वर. आता जरा विचार करा. कुणी पहिल्या आळीत मिक्सर फिरवला, की त्याची खबर कड्यावरच्या पात्यांपर्यंत जाते! उतारावरून ढगाची सावली सरकली, की बॅटरी न सांगता खांदा देते! किती वर्षं त्या काट्यासमोर बसतोय, पण अजूनही एखाद्या दुपारी अंगावर काटा येतो. हजारो माणसं, कुणी कुणाला सांगत नाही, कुणी कुणाला विचारत नाही आणि सगळ्यांचा मिळून एकच काटा! मी हे बायकोला एकदा गहिवरून सांगितलं होतं. ती म्हणाली, "दळण आणायचं राहिलंय."

तर आमच्या या व्यवस्थेत एक म्हातारा खलनायक होता. डिझेल इंजिन! कंट्रोल रूमच्या मागेच त्याचं घर. काटा घसरून एकोणपन्नासला टेकला, की ते आपोआप धडधडायला लागायचं आणि गावभर काळा धूर सोडायचं. मुख्य कचेरीने फर्मान काढलं होतं. एक दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, इंजिन एकदाही सुरू न होता गाव चालवून दाखवा. दाखवलंत तर इंजिन कायमचं बंद आणि कंट्रोल रूम तुमच्याच ताब्यात. इंजिन एकदा जरी खोकलं, तर सगळे लगाम मुख्य कचेरीत जातील आणि मीही तिकडे. मुख्य कचेरी म्हणजे डोंगरापलीकडे, एका उंच इमारतीत, जिथून ना डोंगर दिसतो ना पाती. बायकोने साफ सांगितलं होतं, "तुम्ही जा. मी आत्यांना सोडून यायची नाही."

म्हणजे काट्याबरोबर माझा संसारही पन्नासवर उभा होता.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात मी आमच्या भविष्यवाल्यांना गाठलं. भविष्यवाले म्हणजे आमचे हवामानाचे अंदाजकर्ते. ढग कधी येणार, वारा कधी पडणार, हे ते यंत्रात बघून सांगतात आणि सांगून झालं की "पण सांगता येत नाही" असं म्हणतात.

"त्या दिवशी भर दुपारी मोठा ढग येणार," भविष्यवाले म्हणाले. "आणि वाराही निम्म्यावर येणार."

"नक्की?"

"सांगता येत नाही."

मी मात्र हसलो. माझ्याकडे तोड तयार होती! ढग आला की लोकांनी फक्त गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन असली जड उपकरणं तेवढ्यापुरती बंद करायची. ढग गेला की पुन्हा लावायची. वीज कमी पडली तर मागणी कमी करा, किती साधी गोष्ट! मी लगेच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सविनय विनंती टाकली आणि रंगीत तालीम ठेवली. दिलेल्या वेळी मी पडद्यावर डोळे लावून बसलो.

ग्रुपवर अंगठे आले. हात जोडलेले आले. फुलं आली. "स्तुत्य उपक्रम" आलं. एकाने चुकून आपल्या गुडघ्याचा एक्स-रे टाकला. पडद्यावरची मागणीची रेघ मात्र केसभरही हलली नाही!

"विनंती कशाला करता?" बायको म्हणाली. "आत्यांना सांगा की."

इथे आत्याची ओळख करून द्यायला हवी. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. गावच्या शाळेत कवायतीची बाई होती. गावातल्या दोन पिढ्या तिच्या शिट्टीवर उठल्या, बसल्या, वाकल्या आणि धावल्या. डॉक्टर, न्हावी, बँकेचा मॅनेजर, माझी बायको, मी, सगळे तिच्या हाताखालून गेलेले. मला रांगेत कधी सरळ उभं राहता आलं नाही म्हणून तिने मला 'वाकड्या' नाव ठेवलं, ते आजतागायत चालू आहे. ती निवृत्त झाली आणि तिची शिट्टी आमच्या घरात खुंटीला लटकली. तेव्हापासून आत्याही जरा लटकल्यासारखीच वाटायची. गॅलरीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय बघायची आणि पुटपुटायची, "डावा... डावा... काय हे चालणं!"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. काटा, ढग, इंजिन, बदली. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"म्हणजे एका इशाऱ्यावर बंद आणि एका इशाऱ्यावर चालू," डोळे उघडून ती म्हणाली.

"अगदी बरोबर!"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी!"

आत्या उठली, खुंटीवरची शिट्टी काढली, पदराने पुसली आणि गळ्यात घातली. तिची पाठ अशी ताठ झाली की मीही नकळत पोट आत घेतलं.

"वाकड्या, तू निश्चिंत जा," ती म्हणाली.

आणि मी निश्चिंत गेलो! इथेच घात झाला.

चाचणीचा दिवस उजाडला. मुख्य कचेरीतून मोठे साहेब जातीने आले होते. शांत, गोरेगोमटे आणि हातात सतत चहाचा कप. ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. शेजारच्या टेबलावर भविष्यवाले. मागच्या भिंतीपलीकडे इंजिन गप्प पडलेलं. सकाळ इतकी सुरेख गेली म्हणून सांगू! उतारावर ऊन चढत गेलं तशी पॅनेलांची रेघ चढत गेली, बॅटऱ्या पोटभर भरल्या, पाती संथ फिरत राहिली आणि काटा पन्नासवर असा बसला होता की कुणी चिकटवून ठेवलाय असं वाटावं. साहेब दोनदा "छान" म्हणाले. मी तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघत होतो.

तेवढ्यात भविष्यवाले ओरडले, "आला!"

कड्यामागून ढग निघाला. ढग कसला, आभाळाचं झाकण! त्याची सावली उतारावरून पुढे सरकायला लागली आणि एकेका ओळीतली पॅनेलं विझत गेली. वारा आधीच निम्म्यावर आला होता. काटा पन्नासवरून जरासा खाली झुकला. बॅटरीने खांदा दिला. पण तीही किती ओझं उचलणार?

"काळजी नको, साहेब," मी खुर्चीत रेलून म्हणालो. "आता बघा गंमत. गाव हळूहळू मागणी कमी करेल. असा छान उतार दिसेल." मी हवेत बोटाने उतार काढून दाखवला आणि आत्याला फोन लावला. ती पाण्याच्या टाकीपाशी, गावच्या भोंग्याच्या माईकसमोर उभी होती.

"आत्या, कर सुरू!"

"सा...वधान!" भोंग्यातून आवाज घुमला. खिडकीची काच थरथरली.

आणि मग शिट्टी!

पडद्यावर उतार वगैरे काही दिसला नाही हो! कडा दिसला! मागणीची रेघ सरळ खाली कोसळली. एक ठोका, आणि जवळजवळ अख्खं गाव गायब! माझ्या आयुष्यात मी असं काही पाहिलं नव्हतं. भूकंप झाला तरी लोक पुढेमागे पळतात. इथे हजारो हात एकाच क्षणी पडले होते. भीती वाटायच्या आधी मला खरं सांगायचं तर नमस्कार करावासा वाटला.

"हे... हे कोणतं सॉफ्टवेअर आहे?" साहेबांनी कप खाली ठेवला.

मी फोनवर किंचाळलो, "आत्या! काय बंद करायला सांगितलंस तू लोकांना?"

"मेन स्विच."

"मेन?! मी फक्त गिझर आणि इस्त्री म्हटलं होतं!"

"गिझर, इस्त्री, मशीन, कोण लक्षात ठेवणार? कुणाचं हे राहील, कुणाचं ते राहील. अर्धवट काम मला चालत नाही. दवाखान्याला माफी दिली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती त्यांनी."

इकडे काटा! खाणारं कुणी उरलं नाही आणि वाढणारे वाढतच होते. काटा पन्नास सोडून वर निघाला, आणखी वर, आणखी वर. बॅटऱ्या सकाळपासूनच्या भरलेल्या. त्यांनी दोन घास घेतले आणि पान झाकलं. मग कड्यावरच्या पवनचक्क्यांनी स्वतःची कातडी वाचवली. काटा फार वर गेला की त्यांची यंत्रं आपोआप त्यांना तारेपासून सोडवतात. पहिली सुटली. दुसरी सुटली. मग उरलेल्या सगळ्या. खिडकीतून दिसत होतं, एकेक पातं सुस्तावून थांबत होतं.

काटा हेलकावे खात कसाबसा पन्नासला आला. पण कसली शांतता ती! वर ढग, कड्यावर थांबलेली पाती, गावात अंधारी घरं आणि सगळा भार बॅटरीवर.

"पवनचक्क्या परत कधी लागतील?" साहेबांनी विचारलं.

"जरा दम खाऊन, साहेब. आपोआप."

"आणि त्याआधी गावाने मेन पुन्हा वर केले तर?"

एकटी बॅटरी अख्खं गाव एका झटक्यात कशी उचलणार? काटा दाणकन एकोणपन्नासच्या खाली आणि भिंतीपलीकडचा म्हातारा धडधडत उठणार. मला ती उंच इमारत दिसायला लागली. तिच्यातली माझी खुर्चीही दिसली. तिला चाकं होती, पण खिडकी नव्हती.

तेवढ्यात भोंग्यातून आत्याचा आवाज आला, "आता मी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी..."

"नाहीऽऽ!" मी फोनमध्ये इतक्या जोरात ओरडलो की भविष्यवाल्यांनी टेबलाखाली पाय घेतले. "आत्या, शिट्टी वाजवू नकोस! पाया पडतो!"

"अरे, लोक स्विचवर हात ठेवून सावधानमध्ये उभे आहेत. किती वेळ ठेवू? सगळ्यांची वयं झाली आहेत."

"त्यांना सांग, आता ज्याला जसं हवं तसं लावा. आपापल्या सवडीने."

ती म्हणाली, "अशी ऑर्डर नसते, वाकड्या."

"असू दे! आज असू दे!"

आत्याने खाकरून घोषणा केली. तिच्या आवाजातला नाइलाज सगळ्या गावाने ऐकला असेल. "ज्याला... जेव्हा... हवं... तेव्हा लावा!"

आता मला सांगा, सावधानमध्ये उभ्या असलेल्या माणसाला कधी हवं असतं? लगेच हवं असतं! सगळ्या गावाला एकाच क्षणी हवं झालं! रेघ उसळली. काटा धाडकन खाली आला. बॅटऱ्यांचे पंखे घोंघावायला लागले. भिंतीपलीकडून 'टक्' असा आवाज आला. इंजिनाने जागं व्हायची तयारी केली की त्याचा पंप असाच टकटकतो!

"आत्या! थांबव! थांबव!"

फुर्रर्रर्र! शिट्टी. रेघ पुन्हा खाली. काटा पुन्हा वर. साहेबांचं डोकं काट्याबरोबर वर खाली होत होतं. भिंतीपलीकडची टकटक थांबली. म्हातारा कूस बदलून पुन्हा झोपला होता, एवढंच.

मी काटा बघत बसलो होतो आणि मला पहिल्यांदाच उमगत होतं की इतकी वर्षं हा काटा मी नाही सांभाळला. गावाच्या अजागळपणाने सांभाळला! कुणी लवकर उठतं, कुणी लोळत पडतं. कुणी इस्त्री करता करता फोनवर बोलत बसतं. कुणी मशीन लावायला विसरतं. एकाचं बंद होतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं, आणि या हजार वेंधळेपणांची बेरीज होऊन तो काटा पन्नासवर उभा राहतो. आणि मी काय केलं? त्या सोन्यासारख्या गोंधळाला शिस्त लावली!

"आता काय?" साहेब म्हणाले.

"सांगता येत नाही," भविष्यवाले म्हणाले.

फोनवर आत्या शांतपणे विचारत होती, "वाकड्या, तुला नेमकं हवं तरी काय?"

"मला... मला सगळे एकदम नकोत, आत्या. एकामागून एक हवेत. एक घर, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या..." आणि बोलता बोलता मला शाळेचं मैदान दिसलं. उन्हात उभी रांग. टोकाचा मुलगा मान वळवून 'एक' म्हणायचा, पुढचा 'दोन' आणि तो आकडा रांगेतून पळत शेवटपर्यंत जायचा. "आत्या! गिनती!"

आत्या हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"मग मघाशीच नाही का सांगायचं!"

भोंगा कडाडला, "पहिली आळी! टोकाच्या घरापासून! आपला आकडा मोठ्याने म्हणायचा, मेन वर करायचा आणि शेजाऱ्याकडे बघायचं! आळी संपली की पुढच्या आळीने पुन्हा एकपासून सुरू करायचं! गिनती... कर!"

मी धावत जाऊन खिडकी उघडली. दुरून, अगदी बारीक आवाज आला. "एक!" मग "दोन!" बाईचा आवाज. "तीन!" घोगरा. "चार!" हा न्हावी, मी ओळखला. आणि पडद्यावर, शपथेवर सांगतो, रेघ चढायला लागली. मुंगीच्या पावलांनी, एकेक घर, एकेक घर! काटा जरा झुकायचा, सावरायचा, पुन्हा झुकायचा, पुन्हा सावरायचा.

"दम खाऊ दे त्यांना," मी फोनवर म्हणालो. "बॅटरी थकते आहे."

फुर्रर्र, लांब शिट्टी. आकडे संथ झाले.

"पहिली पवनचक्की लागली!" भविष्यवाले ओरडले.

"आत्या, जरा जलद!"

फुर्र फुर्र, आखूड शिट्ट्या. आकडे पळायला लागले. कड्यावर एक पातं फिरायला लागलं, मग दुसरं. ढगाची शेपटी उतारावरून निघाली आणि एकेका ओळीत ऊन परत आलं. मी ऊन बघत होतो, आत्याला सांगत होतो, आत्या शिट्टी वाजवत होती आणि गाव मोजत होतं. सूर्य जेवढं देईल तेवढंच, त्याच गतीने! इतकी यंत्रं हाताळली मी, पण असं यंत्र कधी पाहिलं नव्हतं. त्यात तार नव्हती की बटण नव्हतं. नुसती माणसं दारात उभी होती आणि शेजाऱ्याच्या आकड्याकडे कान लावून आपल्या पाळीची वाट बघत होती. माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं.

मध्येच रेघ आडवी झाली. चढेचना.

"हे काय? इथे सपाट का?" साहेब पडद्याजवळ गेले.

मी खिडकीतून कान दिला. आळीच्या शेवटाकडे कुजबुज चालली होती. कुणीतरी म्हणत होतं, "नव्वदच्या आधीचा ना?" दुसरं कुणी, "छे, तो एकोणनव्वद!"

"एकोणऐंशी, साहेब," मी म्हणालो. "तिथे सगळेच अडकतात."

"एकोण... हं," साहेब म्हणाले आणि मनातल्या मनात मोजायला लागले. तेही अडकले असावेत, कारण बराच वेळ गप्प होते. शेवटी आत्यानेच भोंग्यावरून आकडा सांगितला आणि गाडी पुढे निघाली. त्यानंतरच्या प्रत्येक आळीत रेघ तिथेच आडवी व्हायची. आजही तो आलेख काढून बघितला तर सुरेख पायऱ्या दिसतात.

शेवटच्या आळीचा शेवटचा आकडा आला तेव्हा ढग पार पलीकडे गेला होता. सगळी पाती फिरत होती. उतार उन्हात चकाकत होता. आणि काटा? पन्नास! जणू काही घडलंच नव्हतं!

"विश्राम!" भोंगा म्हणाला.

मी खुर्चीत कोसळलो. वळून बघतो तर मोठे साहेब! पाय जुळवून, हात बाजूला, छाती पुढे. कधीपासून सावधानमध्ये उभे होते कोण जाणे. त्यांनी हळूच पाय सैल केले आणि इकडेतिकडे बघून चहाचा कप उचलला.

सूर्य मावळला. इंजिन उठलं नाही. साहेबांनी स्वतः मागे जाऊन त्याला कुलूप घातलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कंट्रोल रूम इथेच राहील. तुम्हीही इथेच. उद्या सकाळी मी मुख्य कचेरीतल्या सगळ्या वरिष्ठांना हे बंद इंजिन दाखवायला आणतो. आणि ज्यांनी ही किमया केली त्या तुमची ओळख करून देतो!"

मी तरंगत घरी निघालो. रस्त्याने घराघरांत दिवे. हे सगळे आज माझ्या बोटावर... बरं, आत्याच्या शिट्टीवर लागले होते. आमच्या दारात आलो आणि थबकलो. घरात मिट्ट अंधार!

आत मेणबत्तीच्या उजेडात बायको बसली होती. ताठ. एक हात मेन स्विचवर.

"काय झालं?" मी विचारलं.

"आपला नंबर आला नाही अजून."

"अगं, गिनती केव्हाच संपली!"

"माहीत आहे. शेजारचे 'सदतीस' म्हणाले आणि पलीकडचे 'अडतीस'. आपल्याला कुणी धरलंच नाही. गिनती घेणारी बाई स्वतःला कधी मोजते का? आणि हे त्यांचं घर." तिने हात चोळला. "दुपारपासून उभी होते, आत्ताच बसले. मशीनमध्ये तुमचे सगळे शर्ट आहेत. मध्येच बंद पडलं, दार उघडत नाही. आत पाण्यात भिजत पडलेत."

"मग लाव की मेन!"

"शिट्टी वाजलेली नाही."

मी कपाळावर हात मारला. दिवसभर गाव सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात मेणबत्तीवर बसायचं? मी पुढे झालो आणि खटकन् मेन वर केला. दिवे लागले. मशीन घुरघुरलं. आणि दारात आत्या उभी होती! गळ्यात शिट्टी, डोळ्यांत आग.

"वाकड्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आज अख्खं गाव रांगेत राहिलं. फक्त माझा सख्खा भाचा गिनती न करता पुढे गेला?"

"आत्या, पण तूच आपलं घर मोजायचं..."

"उत्तर नको. सकाळी मैदानाला चकरा."

"शाळेच्या?"

आत्याने क्षणभर विचार केला. "शाळेचं लांब पडतं. तुझ्या त्या इंजिनाभोवती चालेल. आता ते रिकामंच आहे."

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाने ऐकलंच कशाला! त्याने आत्याची शिट्टी ऐकलेली नाही. हजारो घरांनी जिच्यापुढे एका क्षणात हात खाली टाकले, जिच्यामुळे माझी बदली टळली आणि माझं घर राहिलं, तिला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? शिवाय तिची पाठ अजून ताठ होती. ती तशी राहावी म्हणून मी गावाला सुद्धा चकरा मारल्या असत्या.

सकाळी मी ओल्या शर्टात इंजिनघराभोवती धावत होतो. आत्या मधोमध स्टुलावर. कड्यावर पाती फिरत होती, कोवळं ऊन उतारावर चढत होतं, काटा पन्नासवर असणार हे न बघताही कळत होतं. माझी कितवी चक्कर होती देव जाणे, आणि गाड्या येऊन थांबल्या. मोठे साहेब उतरले. मागोमाग सुटाबुटातले सगळे वरिष्ठ. साहेबांनी अभिमानाने हात पुढे केला.

"आणि हे बरं का, अख्खं गाव एका बोटावर चालवणारे आमचे..."

सगळे माझ्याकडे वळले. कुणी कॅमेरा काढला. मी थांबलो असतो हो, हसून नमस्कार केला असता, हातही मिळवले असते. पण काय करणार?

शिट्टी वाजली नव्हती!